एकशे एकेचाळीस टक्के

"काका, किती टक्के करू?"

झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलानं विचारलं आणि मी गोंधळलो. अडतीस वर्षं मी बँकेत काढली. टक्क्यांशी माझा संबंध आला तो व्याजापुरता. साडेआठ, अकरा, फार तर थकबाकीवरचे अठरा. इथं काउंटरवर माझ्यापुढे वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली एक जुनी वही होती आणि तिच्यातलं बारीक अक्षर मला मोठं करून हवं होतं.

"माझ्या आईला वाचता आलं पाहिजे," मी म्हणालो.

"मग आधी एकशे एकेचाळीस करून बघू. नाही जमलं तर दोनशे."

एकशे एकेचाळीसच का? एकशे चाळीस का नाही, सरळ दीडशे का नाही? मुलगा हसला. "तसंच असतं काका. मशीनमध्येच आहे." आणि त्यानं बटण दाबलं.

आईला आता सत्त्याऐंशी पूर्ण झाली. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केव्हाच झाली आहे. त्यानंतर काही वर्षं तिनं वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. पण गेल्या दोन वर्षांत डोळ्यांच्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज सुरू झाली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, आकृतीही काढून दाखवली. पण त्या आजाराचं सर्वांत नेमकं वर्णन आईनंच केलं. म्हणाली, "आजूबाजूचं सगळं दिसतं रे. बघायला जावं तेवढंच दिसत नाही."

दारात कोण उभं आहे ते तिला कळतं, ताटात भाजी कुठं वाढली आहे तेही कळतं. अक्षरावर नजर टेकवली की मात्र नेमकं तिथं बोट फिरवून पुसल्यासारखं होतं. वर्तमानपत्र सुटलं. पोथी मोठ्या टायपातली होती म्हणून थोडे दिवस टिकली, मग तीही सुटली. मी म्हटलं, मी वाचून दाखवतो. वर्तमानपत्राच्या आणि पोथीच्या बाबतीत तिनं ते मान्य केलं. वहीच्या बाबतीत नाही.

ही वही म्हणजे १९५७ साली लग्न होऊन ती कऱ्हाडला आली तेव्हापासून तिनं लिहिलेल्या वह्यांपैकी उरलेली एक. तिच्यात काय नाही? लोणच्याचं प्रमाण, मुलांच्या खोकल्यावरचा काढा, तिच्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या, कोणाच्या लग्नात काय आहेर केला त्याच्या नोंदी, आणि मधूनमधून दुधाचा आणि वाण्याचा हिशेब. कागद महाग, म्हणून अक्षर मुंगीएवढं. एका ओळीच्या जागेत दोन ओळी. मी ती वही हातात घेऊन वाचायला बसलो, तर तिनं ती काढून घेतली.

"माझं अक्षर मला वाचून दाखवणारा तू कोण?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. नातवानं मोबाइलवर पानाचा फोटो काढून, दोन बोटांनी ताणून मोठा करून दाखवला. अक्षर भलं मोठं झालं, पण पडद्यावर एका वेळी दोनच शब्द मावेनात. सरकवायला गेलं की ओळ पळून जाई. आई म्हणाली, "हे वाचणं नव्हे, पाठलाग आहे." मग भिंग आणलं. भिंग धरणारा हात कापायचा आणि त्याबरोबर अक्षरंही कापायची. शेवटी सून म्हणाली, झेरॉक्सवाल्याकडे मोठं करून मिळतं की! इतकी साधी गोष्ट. घरातल्या शिकलेल्या माणसांना सर्वांत शेवटी सुचली.

तर, एकशे एकेचाळीस.

त्याचं उत्तर घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा मजा वाटली. आपला नेहमीचा ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा ए-३ हा २९७ रुंद आणि ४२० उंच. म्हणजे लहान कागदाची उंची तीच मोठ्या कागदाची रुंदी. ए-३ मधोमध दुमडला की ए-४ होतो, तो दुमडला की ए-५. गंमत अशी की, कितीही वेळा दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण बदलत नाही. हे घडायला ते प्रमाण एकास दोनचं वर्गमूळ असं असावं लागतं, म्हणजे एकास १.४१४. म्हणून कागदाचं क्षेत्रफळ दुप्पट करायचं तर प्रत्येक बाजू १४१ टक्के करायची. कागद दुप्पट होतो, अक्षराची उंची मात्र जेमतेम दीडपटही होत नाही. बारा पॉइंटांचा टाइप सतरा पॉइंटांचा दिसायला लागतो. दोनशे टक्के केलं तर चोवीसचा होतो, पण मग कागद चौपट लागतो. उलट ७१ टक्के केलं की ए-३ चा मजकूर पुन्हा ए-४ वर येतो. यंत्रावरच्या आकड्यांमागं हे एवढंच गणित आहे.

कागदाच्या या प्रमाणाची थोरवी सांगणारं एक पत्र १७८६ साली जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या एका प्राध्यापकानं लिहिलं होतं. त्यांचं नाव गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग. त्यांच्या कल्पनेचं प्रमाणित माप व्हायला १९२२ साल उजाडावं लागलं. याच लिख्टेनबर्ग यांनी पत्राच्या काही वर्षं आधी, १७७७ च्या सुमारास, आणखी एक गोष्ट पाहिली होती. विजेचा भार दिलेल्या पृष्ठभागावर बारीक भुकटी पडली की ती वाटेल तशी न पसरता भार असेल तिथं चिकटते आणि झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. झेरॉक्स यंत्राचं मूळ तत्त्व नेमकं हेच. यंत्र ज्यावर चालतं ती विजेची करामत आणि यंत्रात जो घालायचा तो कागद, दोन्हींच्या मुळाशी अठराव्या शतकातला एकच माणूस निघावा, हा योगायोग मला फार आवडला.

त्या भुकटीपासून यंत्रापर्यंत पोचायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. ते काम केलं अमेरिकेतल्या चेस्टर कार्लसन यांनी. गरिबीत वाढलेला हा माणूस पदार्थविज्ञान शिकला, पण मंदीच्या काळात नोकरी गेली आणि शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात चिकटला. तिथं एकेका कागदाच्या अनेक प्रती लागत. संध्याकाळी तो कायद्याच्या वर्गाला जाई. पुस्तकं विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हातानं उतरवून घेई. त्यात संधिवाताची बोटं. माझ्या पिढीतल्या ज्यांनी ग्रंथालयातल्या एकुलत्या एका पुस्तकातून रात्र रात्र नोट्स उतरवून घेतल्या, त्यांना या माणसाबद्दल आपुलकी वाटेल.

२२ ऑक्टोबर १९३८ या दिवशी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत कार्लसन आणि त्यांचे मदतनीस ऑटो कॉर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा कापडानं घासून विजेनं भारला. काचेच्या पट्टीवर शाईनं तारीख आणि जागेचं नाव लिहून ती पट्टी पत्र्यावर ठेवली, वरून दिव्याचा उजेड पाडला, भुकटी भुरभुरवली आणि फुंकर मारली. उजेड पडला तिथला भार गेला होता, अक्षरांच्या सावलीतला राहिला होता. भुकटी तिथंच चिकटली. मेणकागद दाबून त्यांनी ती उचलून घेतली. पुढं वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना दारातून परत पाठवलं. ऑफिसात सर्रास वापरता येईल असं यंत्र आलं १९५९ साली. नऊ बाय चौदा इंचांपर्यंतचा कागद त्यात चाले, म्हणून त्याचं नाव ९१४.

त्या यंत्रात मोठं-लहान करायची सोय नव्हती. होतं तसंच उमटायचं. आकार बदलण्याची कला यंत्रांना नंतर आली, आणि ती कशी आली हे मला एका जुन्या मेकॅनिकनं समजावलं. उजेडाची पट्टी कागदाखालून सरकते. कागदावरून परतणारा उजेड आरसे आणि भिंग यांमधून फिरणाऱ्या नळकांड्यावर पडतो. रुंदी वाढवायची तर भिंगाची जागा बदलायची. पण लांबी? नळकांडं आपल्या ठरल्या वेगानं फिरत असतं. म्हणून लांबी वाढवायची तर उजेडाच्या पट्टीनं हळू चालायचं. तेवढ्याच मजकुराला नळकांड्यावर जास्त जागा मिळते. जुन्या यंत्राशेजारी उभं राहिलं की हा फरक डोळ्यांनी दिसायचा. लहान प्रत काढताना तो हिरवट उजेड झर्रकन जायचा, मोठी काढताना रेंगाळायचा. आजच्या यंत्रात बरंचसं काम आकडेमोडीनं होतं. पण एखादी गोष्ट मोठी करून पाहायची तर तिच्यावरून सावकाश जावं लागतं, हे मला तेव्हापासून पटलेलं आहे.

पटलं होतं म्हणतो, पण वेळेवर आठवलं नव्हतं. ती गोष्ट सांगायलाच हवी.

मी १९८१ मध्ये बँकेत लागलो तेव्हा आमच्या जगात नक्कल म्हणजे कार्बन पेपर, नाही तर सायक्लोस्टाइल. मेणाच्या कागदावर टंकलेखन करायचं, चूक झाली की लाल द्रावणानं बुजवायची, रूळ फिरवून शाईनं माखलेल्या प्रती काढायच्या. मार्कशीटची नक्कल हवी तर टाइप करून घ्यायची आणि 'खरी नक्कल' म्हणून कोणा अधिकाऱ्याची सही-शिक्का आणायचा. मग मोदी झेरॉक्ससारख्या कंपन्या आल्या आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत तालुक्याच्या गावी कोर्टासमोर, तहसीलसमोर 'झेरॉक्स'च्या पाट्या लागल्या. कंपनीचं नाव मराठीत क्रियापद झालं. लोक कागद 'झेरॉक्स मारून' आणू लागले.

तेव्हा मी कोकणातल्या एका शाखेत नवा अधिकारी होतो. चेकवरची सही आणि नमुन्याच्या कार्डावरची सही पडताळून पाहणं हे माझं काम. एक दिवस एका निवृत्त शिक्षकांचा चेक आला. स्वतःच्याच नावाचा, पेन्शनच्या खात्यातला, रक्कम फार नव्हती. कार्डावरची सही तेरा वर्षांपूर्वीची, एकटाकी, डौलदार. चेकवरची वेडीवाकडी. मला संशय आला. म्हातारे गृहस्थ बाकावर बसून होते, बरोबर एक तरुण नातू. मला वाटलं, नातवानंच उरकली असणार.

मी उत्साही होतो. कार्ड आणि चेक घेऊन समोरच्या दुकानात गेलो आणि दोन्ही सह्या दोनशे टक्के करून आणल्या. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. पुस्तकात वाचलं होतं की, गिरवून केलेली खोटी सही संथ असते, रेघ थरथरते, मध्येच पेन उचललेला असतो. मोठ्या प्रतीत ती थरथर मला लख्ख दिसली. रेघेला जणू दाते फुटले होते. मी चेक परत केला. गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी चेक घडी करून खिशात ठेवला आणि नातवाच्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्यांचं गाव एसटीनं तासाभरावर होतं.

संध्याकाळी मी त्या दोन प्रती मॅनेजरसाहेबांना अभिमानानं दाखवल्या. त्यांनी आधी मला झापलं ते खातेदाराचं कार्ड बँकेबाहेर दुकानात नेल्याबद्दल. ते बरोबरच होतं. मग प्रतींकडे पाहून ते म्हणाले, "थरथर दिसली तुम्हाला. कशाची थरथर ते दिसलं का? भीतीची की वयाची?"

मी गप्प.

"अहो, सह्या मोठ्या करायला दुकानात गेलात. बाकावर माणूस बसला होता. त्याच्या हाताकडे बघितलंत?"

दुसऱ्या दिवशी ते शिक्षक पुन्हा आले. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा मागवला. कप उचलताना बशीवर किणकिण झाली आणि अर्धा चहा बशीत सांडला. मी समोरच उभा होतो. शिक्षक माझ्याकडे पाहून, जणू त्यांचीच चूक असल्यासारखे म्हणाले, "साहेब, हात माझाच आहे. ऐकत नाही, इतकंच." साहेबांनी समक्ष नव्या सह्यांचा नमुना घेतला, अंगठ्याची सोयही करून दिली. पैसे त्यांच्या पत्नीच्या औषधासाठी हवे होते, हे मला शिपायाकडून कळलं.

पुढं सह्यांचे वाद मी बरेच पाहिले. हस्ताक्षराचे तज्ज्ञ मूळ कागदासाठी का हटून बसतात तेही कळलं. पेनाचा दाब, शाईवर चढलेली शाई, उचललेल्या टोकाची खूण, यांतलं बरंच काही प्रतीत उतरत नाही. प्रत आकार देते. मोठी प्रत मोठा आकार देते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पोहरा मोठा केला म्हणून पाण्याची चव बदलत नाही. त्या दिवशी मी पोहरा मोठा केला आणि माझ्याच मनातला संशय त्यात भरून वर ओढला. ती एसटीची दुहेरी फेरी माझ्या खात्यावर आजही नावे पडलेली आहे.

असो. वहीकडे वळतो.

पहिल्या दिवशीच्या प्रती फसल्या. कागद पिवळा पडलेला, त्यामुळे सगळी पार्श्वभूमी करडी आली. पातळ कागदामागची शाई आरपार दिसून ओळीत ओळी मिसळल्या. वहीच्या घडीशी काळा पट्टा पडला आणि त्यात प्रत्येक ओळीचा पहिला शब्द बुडाला. आईनं कागद दूर सारला. "कोळसा सांडलाय यावर."

दुसऱ्या दिवशी गर्दी नसताना दुपारी गेलो. त्या मुलाला हे आव्हान वाटलं असावं. त्यानं गडदपणा दोन घरं कमी केला. प्रत्येक पानामागं काळा कागद सरकवला. मला वाटलं होतं, पांढराच बरा. पण मागं काळा असला की पलीकडच्या बाजूची शाई त्यात हरवते आणि यंत्राला फक्त समोरची दिसते. पान सगळीकडून थोडं करडं होतं, ते गडदपणा कमी केला की निघून जातं. वहीची शिवण मी घरीच सोडवून नेली होती, त्यामुळे घडीचा पट्टा गेला. वहीचं पान ए-५ पेक्षा किंचित लहान. ते दोनशे टक्के करून ए-३ वर घेतलं. एका कागदावर एक पान, ओळ न तोडता. निळी शाई फिकी यायची, तिथं पुन्हा एक घर गडद. असं प्रत्येक पानाचं पथ्य वेगळं. चाळीस पानांना दोन तास लागले. पैसे विचारले तर कागदाचेच घेतले, वेळेचे घेतले नाहीत.

त्या दोन तासांत मी ती वही पहिल्यांदा वाचली. काचेवर पान ठेवायचं, झाकण लावायचं, उजेड जाईपर्यंत थांबायचं, आणि बाहेर येणारा मोठा कागद पाहायचा. घाई करायची सोयच नव्हती.

१९६९ सालच्या जुलैचं पान आलं. दुधाचा हिशेब. रोजचं १ लिटर. सात तारखेपासून अर्धा. महिना संपेपर्यंत अर्धा. ऑगस्ट अर्धा. सप्टेंबर अर्धा. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला पुन्हा १. जुलैच्या समासात पेन्सिलीची काहीतरी पुसट खूण होती. पेन्सिलीचं शिसं चकाकतं, उजेड परतवतं, म्हणून यंत्राला ते नीट दिसत नाही. प्रतीवर नुसतं धूसर ओरखडल्यासारखं आलं. मुलगा म्हणाला, "थांबा काका, हे एकटं घेऊ." समास तेवढा चारशे टक्के केला, गडदपणा शेवटपर्यंत नेला. सगळा कागद काळवंडला आणि त्या काळोखातून दोन शब्द वर आले. 'चष्मा १८'.

मी तेव्हा पाचवीत होतो. फळ्यावरचं चुकीचं उतरवतो म्हणून गुरुजींनी घरी चिठ्ठी पाठवली होती. वडील मला साताऱ्याला घेऊन गेले, चष्मा लागला, येताना आम्ही भजी खाल्ली. मला सगळं आठवतं. त्या पावसाळ्यात आम्ही तिघं भावंडं गुळाचा कोरा चहा प्यायचो, तेही आठवतं. आई म्हणायची, पावसाळ्यात कोरा चहा प्रकृतीला बरा. तिचं ते म्हणणं मी इतकं खरं मानलं की, माझ्या एका कादंबरीत त्या चहाचं चांगलं पानभर कौतुक केलं आहे. चहा आणि चष्मा यांचा संबंध मला छप्पन वर्षांत जोडता आला नव्हता.

"काका, पुढचं पान?" मुलगा म्हणाला.

घरी आणून कागद आईपुढे ठेवले. खिडकीजवळची खुर्ची, डाव्या अंगानं उजेड. ती कागदाकडे सरळ बघत नाही. मान जराशी वळवून, नजर अक्षराच्या बाजूला टेकवून, कडेनं वाचते. डॉक्टर म्हणाले होते की, अशी युक्ती शिकवावी लागते. तिला कोणी शिकवली नाही. बोट ओळीवर, ओठ हलताहेत. पहिलं पान संपायला पंधरा मिनिटं लागली. लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण होतं. मग म्हणाली, "माझं अक्षर एवढं वाईट होतं का रे?" बारीक होतं तेव्हा कोणाला कळलं नाही, असं मी म्हटलं. ती हसली.

दुधाचं पान यायला चार दिवस लागले. मी वाट पाहत होतो. ती सावकाश वाचत गेली आणि काही न बोलता पुढचा कागद घेऊ लागली. तेव्हा मीच काळवंडलेला कागद पुढे केला आणि विचारलं, "आई, हा माझा चष्मा का?"

तिनं कागद लांब धरला, जवळ आणला. "मग काय करायचं? तुला फळा दिसत नव्हता." आणि थोड्या वेळानं, "पण हे चुकलंय. साडेअठरा झाले होते. आठ आणे भाजीच्या पैशातले घातले, ते लिहायचे राहिले."

ते आठ आणे वहीत नव्हते. चारशे टक्के नव्हे, चार हजार टक्के केले असते तरी यंत्राला ते सापडले नसते. ते आईजवळच होते, आणि विचारेपर्यंत तिच्याजवळच राहिले. घरोघरी अशा वह्या असतील. त्यांच्या मोठ्या प्रती जरूर काढाव्यात. काळा कागद मागं ठेवायला विसरू नये. पण वही लिहिणारं माणूस घरात असेल, तर प्रत काढून थांबू नये.

"दुरुस्त कर," आई म्हणाली. "हिशेब चुकीचा नको राहायला."

मी पेन घेतलं, अठराच्या पुढे आठ आणे लिहिले. आकडा बदलला की शेजारी सही हवी, ही बँकेची सवय. कागद तिच्यापुढे धरला आणि जागा बोटानं दाखवली. तिनं सही केली. रेघ थरथरत गेली, एक अक्षर दुसऱ्यावर चढलं, शेवटचं कागदाच्या कडेबाहेर गेलं. कुठल्याही नमुन्याशी ती जुळली नसती.

मी ती सही पास केली.